अर्धा आटा

लाकडी हातोडी घेऊन मी जांभळीच्या खोडावर ठोकतो,
हळू, खालून वर,
जसे सातपूरला ओतीव नग तपासायचो:
चांगला नग घंटेसारखा वाजतो,
तडा गेलेला नुसता 'हं' म्हणतो.

छातीइतक्या उंचीपर्यंत जांभूळ टणक.
त्याच्या वर, उत्तरेच्या अंगाला, वीतभर जागेत
आवाज आत जातो
आणि परत येत नाही.

चौऱ्याऐंशीला प्लॉट घेतला तेव्हा इथे मुरूम आणि कुसळं.
मंदानं डालड्याच्या डब्यांतून तीन रोपं आणली:
जांभूळ, चिकू,
आणि रामफळ म्हणून दिलेलं एक, जे सीताफळ निघालं.
पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत ती पाणी घालायची.
मी रात्रपाळीहून यायचो, आळी ओलांडून झोपायला जायचो.
खरं सांगायचं तर चाळीस वर्षं
मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

आता पाहतो. दुसरं काम काय आहे?
चिकू कुंपणाकडे कलत चाललाय, शेंड्याला वटवाघळं.
जांभळीखाली गायधनींची पांढरी गाडी,
जूनमध्ये ती पांढरी राहत नाही.
गायधनी वाईट माणूस नाही.
म्हणाला, "काका, अर्ज टाका, माणसं येऊन फुकट तोडून नेतील."
फुकट हा शब्द त्यानं दोनदा वापरला.

छाटणी उरकून मोहाडीहून साडू आले, पंडित बोरस्ते,
हात अजून मोरचुदानं निळे.
एका बादलीत मोरचूद, एकीत चुना,
मग दोन्ही एकत्र, आणि त्यात चाकूचं पातं बुडवलं.
पात्यावर तांबूस चढलं की समजायचं, चुना कमी पडला.
मला हे फार आवडलं.
इतकी सोपी गेज कंपनीत एकही नव्हती.

सुकलेली फांदी आधी खालून कापली, मग वरून,
साल फाटू नये म्हणून.
फांदी खाली आली,
आणि पोकळ आवाजाच्या बरोबर वर
सालीच्या दोन जाड ओठांमध्ये
तार दिसली.

दहा गेजची. गंजून काळी.
जुळी झाली त्या वर्षी लंगोट वाळवायला कुणीतरी बांधलेली.
कुणीतरी काय,
पीळ साडेतीन वेढ्यांचा होता.
माझ्या हाताला कायम साडेतीनच पडायचे.
साहेबसुद्धा जॉब पाहून ओळखायचे.

मी पक्कड लावली.
पंडितरावांनी मनगट धरलं.
"ओढू नका. तिनं गिळलीय ती.
बाहेर आहे तेवढी कापा,
आतली तिची तिला राहू द्या."

टक्. टक्.
दोन टोकं हातात आली, करंगळीएवढी.
मंदा पायरीवर पावटे सोलत होती.
वर न बघता म्हणाली,
"मग दोरी कुठे बांधायची आता?"

चिकूला टेकू मी अंबडला जाऊन करून आणला,
दोन इंची पाइप, वर बेचकं,
बेचक्यात टायरचं रबर, सालीला लागू नये म्हणून.
खाली जॅकचा स्क्रू.
दिवाळी झाली की अर्धा आटा द्यायचा.
जास्त नाही.
जास्त दिला की वाटायला लागतं
झाड आपणच उभं केलंय.

रविवारी सकाळी, निफाडकडची थंडी अंगणात उतरलेली असते,
मी मफलर सोडून पुन्हा ठोकून पाहतो.
डावा कान प्रेसशॉपमध्ये गेला, उजव्याचाही भरवसा नाही.
पोकळी वाढली की तेवढीच आहे, नक्की सांगता येत नाही.

म्हणून मंदाला म्हटलं, तू ऐक.
तिनं पदर सावरला, बोर्डोनं निळसर झालेल्या सालीला
कान लावला,
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली,
डोळे मिटून, हातात पावट्याची टोपली.

"काय?"

"मुंग्या चालतायत," म्हणाली,
आणि कान झटकत आत गेली.